खलिफांचा अधिकार

आमच्या लहानपणीं मोहरमांत ताबूत निघाले, कीं सारा गांव रस्त्याच्या कडेस उभा राही. तो शोक कोणासाठीं, हें मात्र आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं. पुढें शाळेंत इतिहास शिकवितांना अबूबकर, उमर, उस्मान व अली हीं नांवें आम्हीं मुलांकडून घोकून घेतलीं. पण हे चौघे कोणत्या अधिकारानें खलीफ झाले, असा प्रश्न आम्हीं कधीं केला नाहीं. ती उणीव आज अल्पशी भरून काढूं.

इ. स. ६३२ मध्यें महंमद पैगंबर मदिनेंत निवर्तले. मागें पुत्र नव्हता. चुलतभाऊ व जांवई अली यांस त्यांनीं उत्तराधिकारी नेमिलें होतें, असें शिया मानितात. सुन्नींस तें मान्य नाहीं. अली अंत्यविधीच्या तयारींत गुंतले असतां मदिनेचे मूळ रहिवासी एका मांडवाखालीं आपला नायक निवडूं लागले. अबूबकर व उमर तेथें धांवले. वाद वाढतांच उमर यांनीं अबूबकरांचा हात धरून निष्ठेची शपथ वाहिली, आणि इतरांनीं त्यांचें अनुकरण केलें.

दोन वर्षांनीं मृत्युशय्येवरून अबूबकरांनीं उमर यांस नेमिलें. ६४४ मध्यें उमर यांजवर प्राणघातक वार झाला, तेव्हां त्यांनीं निवडीचें काम सहा जणांवर सोंपविलें. त्यांत अली व उस्मान दोघेही होते. निवड उस्मान यांची झाली. त्यांनीं आपले आप्त प्रांतांच्या अधिकारावर बसविले. असंतोष वाढला व ६५६ मध्यें बंडखोरांनीं त्यांस राहत्या घरीं ठार केलें. मग मदिनेंतील लोकांनीं अलींस शपथ वाहिली.

चार खलीफ आणि चार निरनिराळ्या रीती! पहिल्या दोघांचा साधेपणा व करारीपणा असा, कीं रीतीचा प्रश्न फारसा डोकें वर काढूं शकला नाहीं. अलींच्या वेळीं तो उफाळून आला. उस्मानांचे आप्त व सीरियाचे सुभेदार मुआविया यांनीं, मारेकऱ्यांस शासन होईपर्यंत शपथ वाहण्याचें नाकारलें. ६५७ मध्यें सिफीनची लढाई झाली. पुढें लवाद नेमिला, तेव्हां अलींचेच कांहीं अनुयायी फुटले. त्यांतील एकानें ६६१ मध्यें कुफा येथें अलींचा प्राण घेतला. मुआविया दमास्कसास खलीफ झाले व त्यांनीं आपल्या हयातींतच पुत्र यझीद याच्या नांवें शपथा घेवविल्या. खिलाफत वंशपरंपरेची झाली. अलींचे पुत्र हुसेन यांनीं ती शपथ नाकारली, आणि ६८० मध्यें मूठभर सोबत्यांसह ते करबलेच्या मैदानावर पडले. ताबुतांमागील शोक तो हाच.

गादीवर कोणीं बसावें, यापेक्षां तें कोणीं ठरवावें, हा प्रश्न आधींचा आहे. थोर पुरुषाचा सद्गुण नियमाची उणीव झांकतो खरा, पण तो त्या पुरुषाबरोबरच जातो. ज्या घरांत सारें एका वडील माणसाच्या शब्दावर चालतें, त्या घरींही हा विचार तो शब्द ऐकूं येत आहे तोंवरच व्हावा, असें आम्हांस वाटतें.