होडी घ्यायची तर हिशेबाने

कोरडवाहू शेतकऱ्यांच्या अंकात होडीचे काय काम, असे पुष्कळांना वाटेल. मार्च उजाडला की ज्याच्या विहिरीत बादलीही बुडत नाही, त्याला होडीच्या गोष्टी सांगणे म्हणजे चेष्टाच. पण १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर ज्यांनी दगड फोडले, माती वाहिली, त्यांच्याच घामातून गावोगाव पाझर तलाव उभे राहिले. पाऊस बरा झाला तर त्यांत सहा-सात महिने पाणी राहते आणि पाण्यात मासा वाढतो. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत घर चालवायला आठवड्याच्या बाजारात रोख पैसा देणारा हा जोडधंदा आहे. म्हणूनच हल्ली जिल्ह्याच्या बैठकांत तरुण पोरे विचारतात, एका माणसाची ती प्लॅस्टिकची होडी, कयाक, घ्यावी का? घेतली तर कोणती?

प्रश्न रास्त आहे. उत्तर हौसेने नव्हे, हिशेबाने द्यायचे आहे.

काहिलीचा धडा

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही होडी करीत. ज्याची शिकार त्याच्याच कातड्याची होडी! म्हणजे मुळात हे गरिबाने हाताशी असलेल्या वस्तूंतून केलेले साधन आहे. आपल्याकडेही तीच रीत होती. कोल्हापूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऊस आणि गूळ येतो. तिथल्या नदीकाठच्या शेतकऱ्याने गूळ शिजवायची काहील पाण्यात सोडली आणि तीत बसून पलीकडचे शेत गाठले. पसरट बूड असल्याने काहील सहसा कलत नाही, हा तिचा गुण. पण ती गरगर फिरते, तिचा काठ बुटका आणि धातू जड. पाणी आत शिरले की थेट तळाला. अंगात स्वतःचा तरंग नसलेले साधन शेवटच्या क्षणी साथ सोडते, हा काहिलीचा धडा.

दुसरा धडा कडू आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी, कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात, शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली. डझनाहून अधिक माणसे गेली. होडीत झेपेल त्यापेक्षा जास्त माणसे होती. पुराच्या घाईत माणसे मिळेल त्या होडीत चढली, त्यांना दोष देता येत नाही. पण मासेमारीला जाणाऱ्याला कसलीच घाई नसते. त्याने जादा भार घातला तर त्याला कारण नाही.

आधी हक्क, मग बोटुकली, मग होडी

होडी बघायला जाण्याआधी पाणी कोणाचे ते बघा. तलाव गावच्या शिवारात असला तरी मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो, बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेला. भोई-कोळी समाजाची पोटे पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर चालली आहेत. त्यांच्या हक्कावर घाला घालून शेतकऱ्याने जोडधंदा करावा, हे आमच्या चळवळीत बसत नाही. त्यांच्याशी बोला, सभासद व्हा, भागीदारी करा. ठेका रिकामा असेल तर गटाने मागा. कागद हाती नसताना घेतलेली होडी पहिल्याच तक्रारीत काठावर येऊन पडेल.

आता पैशाचा हिशेब. १९९० च्या दशकातल्या अभ्यासात देशातल्या लहान जलाशयांचे सरासरी उत्पन्न वर्षाला हेक्टरी ५० किलोच्या आसपास निघाले होते. तोच आकडा धरू. तलाव १० हेक्टरांचा, मासा ५०० किलो. समजा बीज, बर्फ, ठेका, वाहतूक जाऊन किलोमागे ४० रुपये उरले, तर झाले २०,००० रुपये. समजा होडी ३०,००० ची आणि ती पाच हंगाम टिकली, तर वर्षाचे ६,००० गेले. उरले १४,०००. हंगामात १०० दिवस पाण्यावर काढले तर रोज पडला १४० रुपये. यात कोणाची मजुरी सुटते? कापसाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणून आपण सरकारशी भांडतो. मग होडीच्या हिशेबात ती विसरून कसे चालेल?

हेच पाणी, पण कटला, रोहू, मृगळ यांची चांगली बोट-बोट लांबीची बोटुकली वेळेवर सोडली आणि उत्पन्न दुप्पट झाले, तर वाढीव बीज धरूनही किलोमागे ४० रुपये सुटले की तोच रोज ३४० वर जातो. म्हणजे पैसा होडीने वाढत नाही, बोटुकलीने वाढतो. होडी फक्त तो काठावर आणते. म्हणून एका तलावाला एक होडी, तीही दोन-तीन घरांत मिळून, हे आमचे मत आहे. आणि शेततळ्यासाठी तर होडी घेऊच नका. तिथे काठावरून ओढायचे जाळे पुरते. तो पैसा शेततळ्याभोवती कुंपण आणि आत लोंबता दोर बांधण्यात घाला, कारण प्लॅस्टिकच्या निसरड्या कागदावरून घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही.

निवड कशी करावी

ट्रॅक्टरच्या हवेच्या ट्यूबवर फळी बांधून मासे धरणारे आपण पाहतो. स्वस्त खरे, पण आपल्या तलावांत वेडी बाभूळ बुडालेली असते. एक काटा आणि खेळ संपला. फुगवायच्या होडीचेही तेच. फायबरची होडी दिसायला छान, दुरुस्तीला सोपी, पण फायबर पाण्याहून जड. तिच्यात बंद हवेचे कप्पे किंवा थर्माकोल भरलेले नसेल तर पाणी भरताच ती बुडणार. जाड प्लॅस्टिकची, म्हणजे पाण्याच्या टाकीसारख्या मालाची, एकसंध पोकळ कयाक कोरडवाहू तलावाला त्यातल्या त्यात बरी. तो माल मुळातच पाण्याहून हलका असतो. त्यातही वर बसायची जात घ्या. तिच्यात आरपार भोके असतात, आलेले पाणी आपोआप उतरते आणि उलटली तर पुन्हा चढता येते. आत पाय घालून बसायची घेऊ नका. अरुंद होडी वेगात जाते, पण आपल्याला शर्यत लावायची नाही. जाळे ओढायला रुंद बूड हवे.

भाराचा हिशेब घरी करा. माणूस ६५ किलो, ओले जाळे आणि दोर १५, मासळीसह क्रेट २५, किरकोळ ५. झाले ११०. लिहिलेल्या क्षमतेच्या दोन तृतीयांशाहून जास्त भार घालायचा नाही, हा नियम धरा. म्हणजे १६५ किलो क्षमतेची होडी हवी. पैसे देण्याआधी ती पाण्यात घालून मागा. कमरेएवढ्या पाण्यात, दोन पोहणारे गडी जवळ उभे करून, एका कडेला बसा, मुद्दाम उलटवा आणि पुन्हा चढून दाखवा. बैल घेताना दात बघता, चालवून बघता, मग होडी नुसती रंग बघून का घ्यावी?

साज थोडा, पण नेमका

पहिला खर्च लाइफ जॅकेटचा. पैसे कमी पडले तर होडी पुढच्या वर्षी घ्या, पण जॅकेटशिवाय घेऊ नका. ते अंगात हवे, होडीत ठेवलेले कामाचे नाही. दुसरे, दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे, होडीला दोरीने बांधलेले. तिसरा नांगर. होडीलाही नांगर लागतो, पण तिला लोखंडी फाळ नको, दोरात बांधलेला दगड पुरे. तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा. मधे कडेला बांधला तर वाऱ्यात होडी कलंडते. चौथे, धारदार विळा हाताशी, जाळ्यात पाय अडकला तर कापायला. जाळ्याचा दोर हाताला, कमरेला कधीही गुंडाळू नका. गळ अडकवायला पाइपचा तुकडा, मासळीला भाजीचा क्रेट आणि गळ्यात एक शिट्टी, बस्स. बाजारातली बाकीची खेळणी हौशी लोकांना राहू द्या.

उन्हाळ्यात तलाव आटला की होडी गोठ्यात सावलीला पालथी ठेवा. उन्हाने प्लॅस्टिक कडक होऊन तडकते.

अनुदानाबद्दल

२०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत ठरली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कोणी नियमात बसत असेल तर त्याने जरूर अर्ज करावा. पण अनुदानासाठी होडी, असे होऊ देऊ नका. अनुदान आले की किंमत फुगते आणि निवड दुसऱ्याच्या हाती जाते. वर सांगितलेला हिशेब अनुदान न धरता बसतो का, ते आधी पाहा. बसत नसेल तर तो धंदा आपला नव्हे. बसत असेल तर कोणती होडी, किती क्षमतेची, कोणाकडून, हे पाण्यात उतरणारानेच ठरवायचे. बुडणार तो असतो, यादी करणारा नाही.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, पुढच्या बैठकीला येताना तीन गोष्टी कागदावर लिहून आणा. आपल्या तलावाचे पाणी किती हेक्टरांवर आणि कोणत्या महिन्यापर्यंत टिकते. मासेमारीचा ठेका कोणाकडे आणि कधीपर्यंत आहे. गेल्या वर्षी बोटुकली किती सोडली आणि मासा किती निघाला. हे तीन आकडे ज्या गावाकडे असतील, त्या गावाच्या होडीबद्दल आपण बैठकीत बोलू. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी आधी आकडे गोळा करावेत. होडी कुठे पळून जात नाही.