विश्लेषण : कमरेला लावायचं छोटं पिस्तूल किती भरवशाचं?

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. अभिनेता गोविंदा मुंबईहून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होता. त्याच्या मॅनेजरनं दिलेल्या माहितीनुसार, परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि सुटलेली गोळी त्याच्या पायात घुसली.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना काढणाऱ्यांनाही ही घटना लागू होते. पोलिसांचा अहवाल पाहून जिल्हाधिकारी कार्यालय परवाना देतं. पण ही तपासणी माणसाची असते. त्याच्या हातातली बंदूक भरवशाची आहे का, हे कोण पाहतं?

पडल्यावर गोळी सुटते कशी?

जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या मागे टेकलेला असतो. घोड्यावर आपटलं की गोळी सुटू शकते. म्हणूनच घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायची जुनी पद्धत आहे. आधुनिक रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार काडतुसापर्यंत पोहोचत नाही.

मग नवं मॉडेल घेतलं की झालं?

तसंही नाही. 'सिग सॉअर' कंपनीचं 'पी ३२०' पिस्तूल अमेरिकी लष्करानं जानेवारी २०१७ मध्ये निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ते ठरावीक कोनात पडल्यास गोळी सुटते, असं चाचण्यांत दिसलं. कंपनीनं मोफत 'ऐच्छिक सुधारणा' जाहीर केली. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला बंदुका बाजारातून परत मागवण्याचा अधिकारच नाही. २०२४ मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फियातल्या ज्युरींनी सदोष रचनेच्या दाव्यांत कंपनीविरुद्ध कौल दिला. चाप न ओढता गोळी सुटते, हा आरोप कंपनी फेटाळते.

याच कंपनीचं 'पी ३६५' २०१८ मध्ये आलं. रोज बाळगता येईल इतकं लहान. सुरुवातीच्या पिस्तुलांत फायरिंग पिन तुटणं, चापाची स्प्रिंग निकामी होणं, अशा तक्रारी आल्या.

लहान पिस्तूल जास्त का अडतं?

वरची स्लाइड लहान, तिचा प्रवास कमी आणि स्प्रिंग कडक. पुढचं काडतूस आत सरकायला वेळ कमी मिळतो. पकड ढिली असली तरी ते अडकू शकतं.

भारतात काय परिस्थिती?

नऊ मिलिमीटरची पिस्तुलं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. पर्याय प्रामुख्यानं पॉइंट ३२ बोअरचा. कानपूरमध्ये बनलेलं 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं, 'प्रबल' २०२३ मध्ये. शस्त्र नियम २०१६ मध्ये सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे.

खरी अडचण सरावाची आहे. नव्या पिस्तुलावर विसंबण्याआधी दोनेकशे गोळ्या झाडून पाहा, असा सल्ला अमेरिकेत सर्रास दिला जातो. इथे परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतच काडतुसं मिळतात. म्हणजे दोष असलाच, तर तो मालकाला कळेल तो नेमका संकटाच्या क्षणी, किंवा कपाट उघडताना.

मग करायचं काय?

घरात बंदूक रिकामी ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. खरेदीआधी विक्रेत्याला विचारा : पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी आत काय सोय आहे? आणि हातातून निसटलीच, तर झेलायला जाऊ नका. झेलताना बोट चापावर पडू शकतं.