विश्लेषण : नव्या कोऱ्या दुचाकीचेही ब्रेक तपासून का घ्यावेत?

३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जवळपास सर्वच दुचाकींना एबीएस सक्तीचे करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. चर्चा झाली ती किमतीची आणि एबीएसच्या खर्चाची. मात्र कारखान्यातून निघालेली गाडी ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी एक टप्पा येतो, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. ब्रेक, क्लच आणि हँडल ठीक आहेत की नाही, हे त्या टप्प्यावर ठरते. हा टप्पा कोणता, त्यात काय चुकू शकते आणि चुकल्यास जबाबदार कोण?

नवी गाडी पूर्ण तयार नसते का?

गाडी कारखान्यात जोडली जाते, पण ती चालवण्याच्या स्थितीत शोरूमला पोहोचतेच असे नाही. वाहतुकीसाठी आरसे काढलेले असतात, बॅटरी जोडलेली नसते, टायरमधील हवा कमी-जास्त असते. ट्रकमध्ये गाडी पट्ट्यांनी आवळलेली असते. त्यात एखादा लिव्हर वाकू शकतो, केबल जागची सरकू शकते. काही महागड्या मोटरसायकली तर खोक्यातून येतात. त्यांचे हँडल किंवा पुढचे चाक विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्येच बसवले जाते.

त्यानंतर लेग गार्ड, साडी गार्ड, मोबाइल होल्डर, जाड ग्रिप, जादा दिवे अशी सामग्री चढते. म्हणजे जोडणीचा शेवटचा भाग कारखान्यात नव्हे, शोरूमच्या मागच्या शेडमध्ये पूर्ण होतो. तेथे होणाऱ्या तपासणीला ‘पीडीआय’, म्हणजे वितरणपूर्व तपासणी म्हणतात. नटबोल्ट ठरावीक ताकदीने आवळणे, ब्रेक आणि केबलची चाल जुळवणे, ब्रेक ऑइलची पातळी पाहणे आणि गाडी थोडी चालवून बघणे, ही त्यातील मुख्य कामे.

आरटीओ तपासणी करत नाही का?

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम ४४ बदलले. अधिकृत विक्रेत्याने विकलेले नवे वाहन पहिल्या नोंदणीसाठी आरटीओसमोर प्रत्यक्ष नेण्याची गरज उरली नाही. ग्राहकाचा हेलपाटा वाचला, ही चांगलीच गोष्ट. वाहन सुरक्षा मानकांनुसार असल्याचे प्रमाणपत्र (नमुना २२) उत्पादक देतो. पण ते गाडी कारखान्यातून निघतानाच्या स्थितीविषयी असते. शोरूममध्ये बसवलेल्या हँडलविषयी किंवा जुळवलेल्या ब्रेकविषयी ते काही सांगत नाही.

पुढे खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. या काळात पीयूसी करावी लागते, पण तीत फक्त धूर तपासला जातो. ब्रेकची कोणतीही सक्तीची सरकारी तपासणी नसते. थोडक्यात, पीडीआय करणारा मेकॅनिक हा त्या गाडीचे ब्रेक रस्त्यावर येण्याआधी पाहणारा शेवटचा जाणकार माणूस असतो.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीवरील मृतांचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के होते. यातील बहुतेक अपघातांची कारणे वेग, हेल्मेट नसणे, रस्त्याची स्थिती अशी वेगळी आहेत. तरीही ज्या वाहनावर इतके लोक दगावतात, त्याच्या ब्रेककडे पहिल्या दिवशीच नीट पाहिले जावे ही अपेक्षा वाजवी आहे.

मुहूर्ताच्या दिवशी धोका का वाढतो?

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा किंवा दिवाळीतला पाडवा, या दिवशी शोरूममध्ये गाड्यांची रांग असते. मेकॅनिक तेवढेच असतात आणि मुहूर्त टळू द्यायचा नसतो. अशा वेळी तपासणीच्या कागदावरील चौकोनांत एका झटक्यात खुणा होण्याची शक्यता वाढते.

दुसरे कारण ग्राहकाकडूनच येते. नव्या गाडीच्या मीटरवर दोन-चार किलोमीटर दिसले, की ‘गाडी वापरली’ अशी शंका घेतली जाते. पण चालवून पाहिल्याशिवाय ब्रेक एका बाजूला ओढतो का किंवा क्लच घसरतो का, हे कळत नाही. मीटरवरचे ते दोन-चार किलोमीटर काळजीने केलेल्या तपासणीची खूणही असू शकतात.

पुढचा ब्रेक ‘स्पंजी’ लागत असेल तर?

ब्रेक दाबल्यावर वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबल्यावर थोड्या चालीनंतर तो घट्ट लागला पाहिजे. तो मऊ लागून ग्रिपपर्यंत येत असेल आणि चार-पाच वेळा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर नळीत हवा असण्याची शक्यता मोठी असते. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे बोटांची ताकद कॅलिपरपर्यंत पोहोचण्याआधीच वाया जाते. यावर ऑइल फिरवून हवा काढणे हाच उपाय असतो.

लिव्हर अर्धा मिनिट दाबून धरला आणि तो हळूहळू आत जात राहिला, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरच्या सीलमध्ये दोष असू शकतो. नळीच्या जोडांवर ओल दिसते का, तेही पाहावे. टाकीच्या काचेत ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल, तर नुसते वरून ओतून विषय संपत नाही. जुन्या गाडीत पॅड झिजल्यामुळे पातळी उतरते. नव्या गाडीत पॅड झिजलेलेच नसतात. म्हणजे ऑइल कमी भरले गेले आहे किंवा कुठून तरी गळते आहे.

लिव्हर घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, असे झाल्यास डिस्क पाहावी. गाडी चमकवण्यासाठी मारलेला पॉलिश किंवा टायरचा स्प्रे डिस्कवर उडतो आणि पॅडची पकड जाते. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसता येते, पण तेलकट झालेले पॅड बहुधा बदलावेच लागतात.

मागचा ब्रेक आणि सीबीएसचे काय?

गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. डिस्कला पॅडचा किंचित स्पर्श होणे चालते, चाक अडणे चालत नाही. ड्रम ब्रेकच्या पॅडलला पकड येण्याआधी थोडी मोकळी चाल हवी. बऱ्याच गाड्यांत ती २० ते ३० मिलिमीटर असते, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. चाल अजिबात नसेल, तर ब्रेक शू सतत घासतात, ड्रम तापतो आणि मायलेज घटते. चाल जास्त असेल, तर ब्रेक उशिरा लागतो. हा फरक सहसा रॉडच्या टोकाचा नट फिरवून दूर होतो.

१२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत सध्या सीबीएस किंवा एबीएस बंधनकारक आहे. सीबीएसमध्ये एकच पॅडल किंवा लिव्हर दोन्ही चाकांचे ब्रेक लावतो. त्यामुळे फक्त मागची चाल जुळवून पुढची तशीच सोडली, तर दोन्हींचा मेळ बिघडतो. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून मागचा लाल दिवा पेटतो का, हे पाहायलाही एक मिनिट पुरते.

क्लच, रेस आणि हँडल कसे तपासतात?

रेसची मूठ पूर्ण फिरवून सोडली, की ती आपोआप झटक्यात मागे आली पाहिजे. जाड ग्रिप घासत असेल किंवा केबल कुठे मुडपली असेल, तर ती अडकते. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला, तर रेसची केबल ताणली जाते आहे किंवा चुकीच्या मार्गाने नेली आहे. अशी गाडी वळणावर स्वतःहून वेग घेऊ शकते. जादा दिव्यांच्या वायरी केबलला करकचून बांधल्या असतील, तरी हाच त्रास होतो.

क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी चाल असते. ती नसेल तर क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. चाल जास्त असेल, तर लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते आणि गिअर अडकतात.

पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवल्यावर हँडलखाली ‘टक’ असा धक्का जाणवला, तर स्टिअरिंगचे बेअरिंग सैल असू शकते. हँडल वळवताना मध्येच अडत असेल, तर ते जास्त आवळले गेले असावे. चाकाचा एक्सल, कॅलिपरचे बोल्ट आणि हँडलचे क्लँप पाना लावून तपासले का, हे मेकॅनिकला थेट विचारावे.

एबीएस आल्यावर हे प्रश्न सुटतील?

नाही. १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. जून २०२५ च्या मसुद्यात ही सक्ती छोट्या गाड्यांनाही लावण्याचा प्रस्ताव होता आणि त्यासाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख सुचवली होती. जोराने ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणे, हे एबीएसचे काम आहे. निसरड्या रस्त्यावर त्याने जीव वाचू शकतो. पण नळीतली हवा ते काढत नाही, तेलकट पॅडला पकड देत नाही आणि सैल बोल्ट आवळत नाही. ब्रेकमध्ये मुळात दाबच तयार होत नसेल, तर एबीएसला करण्यासारखे काही उरत नाही.

उलट एबीएसमुळे तपासणीत एक बाब वाढते. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा पेटला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. तो पेटतच राहिला, तर यंत्रणा बंद आहे असे समजावे. तो पेटलाच नाही, तर दोष आहे की नाही हेही कळणार नाही.

वेळेचा हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. मऊ लिव्हर दुसऱ्यांदा दाबण्यात अर्धा सेकंद गेला, तर सात मीटर गेले.

पहिल्या काही दिवसांत काय जपावे?

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांत बसायला वेळ लागतो, तोवर पकड थोडी कमी असते. नव्या टायरचा पृष्ठभागही सुरुवातीला गुळगुळीत असतो. म्हणून पहिल्या एक-दोनशे किलोमीटरमध्ये अंतर राखून, हळूहळू दाब वाढवत ब्रेक लावणे योग्य. केबल सुरुवातीला ताणतात आणि बोल्ट बसतात, त्यामुळे पहिली सर्व्हिसिंग टाळू नये. मात्र लिव्हर मऊ लागणे, ऑइल गळणे किंवा रेस अडकणे ही ‘नवी गाडी आहे, बसेल हळूहळू’ म्हणून सोडून देण्याची लक्षणे नाहीत. अशी गाडी चालवत नेण्याऐवजी शोरूमच्या माणसाला बोलावणे सुरक्षित.

दोष निघाल्यास जबाबदारी कोणाची?

एखाद्या मॉडेलच्या रचनेत किंवा उत्पादनात दोष असेल, तर कलम ११०-अ नुसार केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकते. कंपन्या स्वतःहूनही तसे करतात. पण एकाच शोरूममध्ये एकाच गाडीचा बोल्ट सैल राहिला, तर ‘रिकॉल’चा उपयोग नाही. तेथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ कामी येतो. त्यातील कलम ८६ नुसार वस्तूची जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यामुळेच इजा झाली, तर तो भरपाईस जबाबदार ठरू शकतो. ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करू शकतो. तक्रार नोंदवण्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. साधी काळजी घेतली असती तर लक्षात आला असता, असा धोकादायक दोष असलेले वाहन रस्त्यावर चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार गुन्हा आहे. म्हणजे शोरूमबाहेर पडताच जबाबदारीचा एक भाग चालकावर येतो.

त्यामुळे पुराव्याला महत्त्व आहे. गाडी घेताना पीडीआयच्या कागदाची सही-शिक्क्याची प्रत मागावी. दोष दिसल्यास त्याचा व्हिडिओ काढावा, तक्रार लेखी किंवा ईमेलने द्यावी आणि जॉबकार्डवर ती आपल्याच शब्दांत नोंदवून घ्यावी. नोंदणीसाठी गाडी सरकारी निरीक्षकासमोर न नेण्याची सवलत कायद्याने दिली, तेव्हा त्याची जागा विक्रेत्याच्या तपासणीने घेतली. त्या तपासणीची सही केलेली प्रत विमा आणि पावतीबरोबर प्रत्येक ग्राहकाला देणे बंधनकारक केले, तर कोणाचाही खर्च फारसा वाढणार नाही. तोवर मुहूर्ताच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये जाऊन, हार घालण्याआधी दहा मिनिटे ब्रेक दाबून पाहणे ग्राहकाच्या हाती आहे.