मार्क वाढले, संसर्गाचं काय?

एम.एस्सी. नर्सिंगचे प्रबंध चाळायला घ्या, एक साचा पुन्हा पुन्हा हाती लागतो. साठेक सिस्टर निवडायच्या, कॅथेटरच्या निगेवर प्री-टेस्ट घ्यायची, तासभर शिकवायचं आणि आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा पुढ्यात ठेवायची. मार्क वाढतात. न वाढून सांगतात कोणाला! मग पेअर्ड टी-टेस्ट, पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली, गाइडची सही, की झालं संशोधन. टी-टेस्ट बिचारी खरंच बोलते, पण तिला विचारलेलं असतं फक्त मार्कांबद्दल. एखाद्या तरी पेशंटचा संसर्ग टळला का, हे कुणी मोजलेलंच नसतं.

मोजायचं तर सुरुवात छेदापासून. समजा, तीन महिन्यांत एका आयसीयूत लघवीच्या कॅथेटरमुळे ४ संसर्ग झाले, दुसऱ्यात ६. पहिलं बरं वाटतं. पण पहिल्यात कॅथेटर-दिवस ४००, दुसऱ्यात १०००. म्हणजे दर हजार कॅथेटर-दिवसांमागे पहिल्यात १० आणि दुसऱ्यात ६. निकाल फिरला. हे दिवस येतात सिस्टरच्या रजिस्टरमधून. रोज ठरल्या वेळी प्रत्येक खाटेपाशी जाऊन, कॅथेटर कुणाला आहे ते बघून आकडा टाकायचा. रविवारी स्टाफ कमी म्हणून रकाना कोरा राहिला, तर छेद घटतो आणि दर उगाच फुगतो. इतकं महत्त्वाचं काम आपण कारकुनी समजतो, हे मला पटत नाही.

सेंट्रल लाइनच्या संसर्गावरचा मिशिगनचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरावर आयसीयू, पाच साध्या गोष्टींचा आग्रह, आणि डॉक्टर त्यातलं काही चुकले तर त्यांना थांबवायची नर्सला मुभा. (आपल्याकडे मोठ्या सरांना थांबवून बघा!) सरासरी दर हजार लाइन-दिवसांमागे ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आला. इथे मोजले ते संसर्ग, मार्क नव्हेत. मात्र तुलनेला दुसरा गट यातही नव्हता. पुढे इंग्लंडने हाच कार्यक्रम टप्प्याटप्प्याने राबवला, तेव्हा संसर्ग घटले. पण ज्या आयसीयूंची पाळी अजून आली नव्हती, तिथेही ते घटतच होते. मग श्रेय नेमकं कुणाला द्यायचं? एकाच वॉर्डात आधी-नंतर बघणाऱ्या आपल्या विद्यार्थिनींना गाइडने हा प्रश्न प्रबंधाचा आराखडा मंजूर करण्याआधीच विचारायला हवा.

आणि ते 'या तिमाहीत शून्य संसर्ग'चे फलक! संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: घटना एकही घडली नसेल, तर ३ला एकूण दिवसांनी भागायचं, खरा दर साधारण तिथपर्यंत असू शकतो. छोट्या आयसीयूत ३०० लाइन-दिवसांत शून्य म्हणजे खरा दर हजारामागे १० पर्यंतही असू शकेल. मिशिगनवाले सुरुवातीला होते त्याहूनही जास्त. फलक खुशाल लावा, फक्त शून्याखाली लाइन-दिवसही लिहा.