कोंबड्यांची राखण आणि कुत्र्याची मर्यादा

पन्हाळा तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर परसातील कोंबडी हे अनेकदा घरातील स्त्रीचे हक्काचे भांडवल असते. अंडी विकून आलेल्या पैशातून मुलांच्या वह्या आणि आठवडी बाजारचे तेलमीठ निघते. या भांडवलावर दिवसा मुंगूस व घार, तर रात्री रानमांजर, उदमांजर आणि कोल्हा टपून असतात. रानालगतच्या वस्तीला आणि उसाच्या फडाकडेच्या घरांना बिबट्याचीही धास्ती असते. यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय ठरलेला आहे, तो म्हणजे दारातला कुत्रा.

हा उपाय निरर्थक आहे, असे कोणी म्हणणार नाही. चाहूल लागताच भुंकणारा कुत्रा मुंगूस-कोल्ह्याला दूर ठेवतो आणि घरच्यांना जागे करतो. तथापि राखणदार म्हणजे दार नव्हे. कुत्रा शिळ्यापाक्या भाकरीवर जगतो, म्हणून तो फुकट वाटतो. आणि फुकट वाटणाऱ्या साधनावर माणूस वाजवीपेक्षा अधिक भार टाकतो. खुराड्याची मोडकी फळी मग वर्षानुवर्षे तशीच राहते.

बिबट्यापुढे तर हा हिशेब उलटाच होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला बिबट्याच्या आहाराचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा अवघा ११ टक्के आढळला. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रा उघड्यावर असतो. रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा राखण करीत नाही. तो आमिष ठरतो. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, तो याच अनुभवातून.

शासनाची दृष्टीही याहून फार निराळी नाही. परसातील कुक्कुटपालनासाठी १०० पिल्लांचा गट निम्म्या अनुदानावर देण्याच्या योजनेचे प्रारंभीचे खर्चपत्रक १६,००० रुपयांचे होते. त्यात खाद्यासाठी १२,४०० रुपये आणि रात्रीच्या निवाऱ्यासाठी १,००० रुपये धरले होते. म्हणजे भांडवलाच्या सुरक्षिततेवर रुपयातला एक आणा! नुकसानभरपाईचा मार्गही येथे उपयोगी पडत नाही. पंचनाम्याला शव लागते. उदमांजराने नेलेल्या कोंबडीची चार पिसेच मागे राहतात.

खरा उपाय साधा आहे. बारीक घराची मजबूत जाळी, ती फूटभर जमिनीत गाडलेली, वरून पक्के छप्पर, दाराला कडी आणि दिवेलागणीला कोंबड्या कोंडण्याची शिस्त. कुत्र्याने या व्यवस्थेला जोड द्यावी, तिची जागा घेऊ नये. त्यालाही रात्री आडोसा हवा आणि वेळेवर लस हवी. २०१८ साली गीरमधील सिंह डिस्टेंपरच्या विषाणूने दगावले, हा विषाणू कुत्र्यांमध्येही असतो. खुराड्याचा खर्च एकदाच करावयाचा असतो, तेव्हा बचत गटांनी त्यासाठी अल्प मुदतीचे कर्ज द्यावे आणि शासनाने पिल्लांआधी निवाऱ्याला अनुदान द्यावे.

हे न झाल्यास संतापाचा शेवट विषात आणि फासात होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो आणि त्याची शिक्षा पुन्हा त्याच गरीब घराला भोगावी लागते. कोंबडी, कुत्रा आणि रानातला जीव या तिघांचेही रक्षण अखेर खुराड्याच्या एका भक्कम कडीवर अवलंबून आहे.