छोट्या बंदरांची विद्या

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. देशाची वार्षिक जहाजबांधणी क्षमता ४५ लाख ग्रॉस टनांपर्यंत नेण्याचा संकल्प स्वागतार्हच आहे. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र मोठ्या गोद्यांपेक्षा छोट्या बंदरांची चिंता अधिक वाटते.

कच्छमधील मांडवीत रुक्मावतीच्या काठावर आजही लाकडी जहाजे उभी राहतात. केरळातील बेपूरच्या कारागिरांनी निलंबूरच्या जंगलातून चालियार नदीने वाहत आणलेल्या सागवानातून आपली ‘उरू’ घडवली. तीही कागदी आराखड्याविना, केवळ स्मरणातील मापांवर. याउलट गोदावरीच्या मुखावरील कोरिंगा पाहावे. जहाजबांधणीचे हे एकेकाळचे गजबजलेले केंद्र १८३९ चे चक्रीवादळ आणि साचत गेलेला गाळ यांमुळे इतिहासजमा झाले. वादळ रोखणे राज्यकर्त्यांच्या हाती नसते. गाळ उपसणे आणि विद्या जपणे असते.

प्रशासनातील अनुभवावरून सांगतो, पात्रतेचे निकष टनभार आणि उलाढाल यांवर ठरले, की कागदपत्रे नसलेला कारागीर आपोआप वगळला जातो. म्हणून नदीमुखांतील गाळाचा नियमित उपसा, ज्येष्ठ मिस्त्रींच्या कौशल्यास शासनमान्य प्रमाणपत्र आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुणांना विद्यावेतन, अशा तीन तरतुदी स्वतंत्रपणे व्हाव्यात. एकूण निधीच्या मानाने हा खर्च अल्प आहे. तो टाळल्यास मांडवी आणि बेपूर यांचेही कोरिंगा होण्यास वादळाची गरज उरणार नाही.