घरचा संगणक : रीस्टार्टला अडकतो? आधी घड्याळ बघा!

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. "अरे, जरा वर येतोस का? कॉम्प्युटर गेला वाटतं." काका मूळचे मिरजेचे, पण रेल्वेच्या नोकरीमुळे चेन्नईत चाळीस वर्षं काढलेली.

जाऊन बघतो तर पंखा फिरतोय, दिवा लागलेला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह. पुढे काही नाही. विंडोजने अपडेट घेऊन रीस्टार्ट मागितला, काकांनी बटण दाबलं आणि तेव्हापासून हे असंच. दुकानदाराने फोनवरच निदान केलं होतं, "घेऊन या, फॉरमॅट मारून देतो." काकू दारात उभ्या होत्या. नातीच्या बारशापासूनचे सगळे फोटो त्याच डब्यात आणि दुसरी प्रत कुठेच नाही.

मी विचारलं, "काका, हल्ली घड्याळ चुकत होतं का?"

"हो रे! सकाळी सुरू केला की जुनीच तारीख. बँकेचं पान उघडायला गेलं तर 'सुरक्षित नाही' म्हणतो. थोड्या वेळाने आपोआप नीट होतं. आणि रात्री मी भिंतीवरचा स्विचच बंद करतो, पावसात करंटचा काय भरवसा?"

इथेच निम्मं कोडं सुटलं. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची. भिंतीवरचा स्विच बंद असताना घड्याळ तिच्यावरच चालतं. बऱ्याच बोर्डांत सेटिंग्जही तीच जपते. काही वर्षांनी ती संपते. मग तारीख मागे जाते आणि सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा होतात. काकांच्या बोर्डाने सुरू होताना आधी पेन ड्राइव्हमध्ये विंडोज शोधायला सुरुवात केली होती आणि मागे भजनांचा पेन ड्राइव्ह कायमचा लावलेला! बोर्ड तिथेच अडकून बसला.

पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद केलं, पेन ड्राइव्ह काढला, पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटांत विंडोज समोर. काकूंनी लगेच चहा टाकला.

सगळ्यांचं दुखणं इतकं सोपं नसतं. म्हणून मशीन नेमकं कुठे अडकतं ते आधी बघा :

१. "रीस्टार्टिंग" लिहिलेलं आणि गोल फिरतंय : अडचण विंडोजमध्ये आहे. अपडेट चालू असेल तर घाई नको, तासभर थांबा. नेहमीच होत असेल तर एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर बंद व्हायला तयार नाही. नुकतं काय नवीन टाकलं ते आठवा.

२. पडदा काळा, पंखा चालू, चिन्हही नाही : संशय बोर्डावर घ्या. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी सेटिंग चालू असेल तर बंद करून बघा. नवीन डीडीआर ५ रॅमची मशीनं सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं काळीच राहतात. तेव्हा घाबरून बटण दाबू नका.

३. चिन्हावर अडकतं : पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर सगळं काढा. सुरू झालं तर बायोसमध्ये जाऊन "बूट ऑर्डर"मध्ये आतली डिस्क पहिली ठेवा. बायोससाठी सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबावं लागतं.

४. रीस्टार्ट नीट होतो, पण शट डाऊन करून सुरू केल्यावर अडकतो : गंमत वाटेल, पण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाऊन हे पूर्ण बंद होणं नसतं. विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. खरी नवी सुरुवात रीस्टार्टमध्येच होते. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंग्जखाली "फास्ट स्टार्टअप"ची खूण काढून बघा. बायोसमधलं "फास्ट बूट" वेगळं. त्यात बोर्ड स्वतःच्या काही तपासण्या गाळतो. तेही बंद करून पाहायला हरकत नाही.

लिनक्सवाल्यांनाही हे चुकलेलं नाही. आपल्या चेन्नईच्या सी-डॅक केंद्राने तयार केलेलं बॉस लिनक्स अनेकांना माहीत असेल. लिनक्सच्या गाभ्यात मशीन रीबूट करायच्या अनेक पद्धती आहेत आणि नेहमीच्या पद्धतीने अडकणाऱ्या मॉडेलांची यादीच त्यात लिहून ठेवलेली आहे. तुमचं मॉडेल यादीत नसेल तर सुरुवातीच्या ओळीत "रीबूट" या शब्दापुढे "पीसीआय" किंवा "एसीपीआय" लिहून पद्धत बदलता येते. म्हणजे मशीन आणि सिस्टीम दोन्ही धड असूनही त्यांचं आपसांत जमत नाही, असं होऊ शकतं.

आता तीन सावधगिऱ्या.

पहिली, बायोसला हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच सेटिंग बदला.

दुसरी, विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर ते ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती नसेल तर डेटा गेलाच समजा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती साठवलेली आहे का ते बघा आणि आधी कागदावर उतरवा.

तिसरी, बायोस अपडेट हा शेवटचा उपाय. ते अर्ध्यात वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या आपल्या पावसात यूपीएसशिवाय हे धाडस करू नका.

काकांकडे आम्ही आधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवले. दुसऱ्या दिवशी माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवरून बॅटरी आणली. चहा-वड्याच्या पैशात काम झालं. प्लग काढून ती बदलली, तारीख लावली, बूट ऑर्डर सुधारली. मग काकांनी स्वतः रीस्टार्ट दाबला, एकदा नाही, तीनदा!

फॉरमॅट हा इलाज शेवटचा. कुणी पहिल्याच वाक्यात तो सुचवला तर एवढंच विचारा, "मशीन नेमकं कुठे अडकतंय, ते पाहिलंत का?" आणि आज रात्री, मशीन धड असतानाच, फोटोंची एक प्रत काढून ठेवा.